एकसष्ट तासांचा दिवस

सोमवार, ४ मार्च

साहेबांनी केबिनमध्ये बोलावून विचारलं, "मेनफ्रेम दिवसभर काय करतो, कुणासाठी करतो, हे मला स्क्रीनवर बघायला मिळेल का?" मी म्हटलं, मिळेल. माझ्या तोंडातून 'नाही' कधी वेळेवर निघत नाही, हा जुना आजार.

भानगड अशी आहे. आमचं परवाना कार्यालय, म्हणजे सगळ्या गाड्या आणि सगळे चालक, तळघरातल्या त्या एका जुन्या संगणकावर, या मेनफ्रेमवर, चालतं. यंत्र आता भरत आलंय. दुपारी खिडकीवरचा कारकून बटण दाबतो आणि उत्तर येईपर्यंत समोरच्या माणसाची दाढी वाढते. एक तर मोठं यंत्र आणायचं, नाही तर कुणाचं तरी काम कमी करायचं. कुणाचं, ते ठरवायला आकडे हवेत. आकडे मेनफ्रेमकडेच आहेत. कोणतं काम, कुणी लावलं, कधी सुरू झालं, प्रोसेसरचा किती वेळ खाल्ला, सगळ्याची नोंद तो स्वतःच ठेवतो. पण त्याच्या भाषेत, त्याच्या फायलींमध्ये. त्या नोंदी उचलून आपल्या डेटाबेसच्या टेबलांमध्ये भरायच्या आणि मग हवा तो प्रश्न विचारायचा. टेबलांमध्ये मी चौदा वर्षं काढली आहेत. तीन आठवड्यांत देते म्हणून सांगून आले.

घरी येताना खाली डोकावून वहिनींना सांगितलं. वहिनी म्हणजे माझी थोरली जाऊ. त्याच कार्यालयात बावीस वर्षं आहेत, पत्र विभाग सांभाळतात. परवान्याची मुदत संपत आल्याची जी पत्रं लोकांना घरपोच जातात, ती त्यांच्याकडे छापली जातात. "छान," म्हणाल्या, आणि सासूबाईंची कूस बदलायला आत गेल्या. संपलं कौतुक.

गुरुवार, ७ मार्च

पहिली फाइल आली. उघडली तर नुसती टिंबं, चौकोन आणि मध्येच एक प्रश्नचिन्ह, जणू फाइललाच प्रश्न पडलाय. दोन दिवस माझ्या प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसले. शेवटी तळघरात जाऊन मेनफ्रेमवाल्या काकांना गाठलं. काका निवृत्तीला आलेत. टेबलावर विटेएवढी जाड पुस्तकं. कुठलाही प्रश्न विचारा, उत्तर म्हणून पान क्रमांक मिळतो.

"मजकूर म्हणून आणलीस ना फाइल?"

"हो."

"मजकूर नाहीये तो, यंत्राचे कच्चे आकडे आहेत."

एवढं वाक्य ते मंगळवारी बोलले असते तर माझे दोन दिवस वाचले असते. "तू मंगळवारी विचारलंच नाहीस," म्हणाले. निघताना म्हणाले, "प्रत्येक नोंदीला प्रकार असतो, प्रकाराच्या आत पोटप्रकार. भरायच्या आधी ते बघून घे. पान दोनशे बारा."

मी म्हटलं, "काका, मला सगळ्याच नोंदी हव्यात."

"सगळ्याच?"

"सगळ्याच."

"बरं," म्हणाले. ही माणसं ज्ञान हातचं राखून ठेवतात. त्याशिवाय त्यांना कोण विचारणार?

मंगळवार, १२ मार्च

तारखा! या यंत्राला महिनेच माहीत नाहीत. काल ११ मार्च होता, त्याच्या लेखी वर्षाचा सत्तरावा दिवस. वेळ तर मध्यरात्रीपासून सेकंदाच्या शंभराव्या भागात. सकाळचे सहा म्हणजे एकवीस लाख साठ हजार. ही असली घड्याळं बनवणाऱ्याला एकदा बस गाठायला लावली पाहिजे.

वर प्रत्येक नोंदीची लांबी वेगळी. एक दोनशे अक्षरांची, तर शेजारची दहा हजारांची. कुठला भाग कुठे सुरू होतो ते त्या नोंदीतच पुढे लिहिलेलं असतं. म्हणजे घराचा पत्ता घराच्या आत चिकटवलेला.

आणि वरून घरी. सासूबाई पडल्याला दोन वर्षं झाली, तेव्हापासून त्या अंथरुणावर. वहिनी पहाटे साडेपाचला निघतात, दुपारी तीनला परत येतात आणि नंतर रात्रीपर्यंत सासूबाईंचं सगळं करतात. मोठे भावजी कामानिमित्त बाहेरगावी असतात, महिन्यातून दोनदा येतात. मी मदतीला गेले की वहिनींचं एकच, "राहू दे गं, मी आहे." मग शेजारपाजारच्यांच्या नजरेत बसून खाणारी कोण? मी. माणसाने सेवा करावी, पण एवढी दिसेल अशी करू नये. हे मी नवऱ्याला म्हटलं, तर त्याने पेपर वर धरला.

शुक्रवार, १५ मार्च

भरणं सुरू झालं. बारा लाख ओळी गेल्यावर थांबलं. कुणीतरी कामाचं नाव ठेवलंय ते माझ्या रकान्यात मावेना. रकाना वाढवला. पुन्हा पहिल्यापासून.

सोमवार, १८ मार्च

पुन्हा थांबलं. पुन्हा पहिल्यापासून. याहून जास्त काही लिहिण्यासारखं नाही.

बुधवार, २७ मार्च

झालं! सगळ्या नोंदी टेबलात. तीन आठवडे म्हटलं होतं, तीन आठवडे दोन दिवस लागले. काकांच्या उपकाराशिवाय.

पहिला प्रश्न विचारला, सगळ्यात जास्त वेळ कोण खातं? मला वाटलं होतं खिडक्या. दिवसभर एवढे कारकून बटणं दाबत असतात. पण नाही. खिडक्यांचे रोजचे साडेबावीस तास आणि पत्र विभागाचे जवळजवळ पंचवीस. सगळ्याच्या एक्केचाळीस टक्के.

पत्र विभाग. वहिनींचा.

वाईट वाटलं. या वहीत खरंच लिहायचं म्हणून सांगते, पहिल्या क्षणाला वाईट वाटलं नव्हतं. पहिल्या क्षणाला मला वाटलं, बघा. मग वाईट वाटलं.

एक बारीक कुसळ आहे. सगळ्यांची बेरीज दिवसाला एकसष्ट तास येते. यंत्रात दोन प्रोसेसर आहेत, म्हणजे फार तर अठ्ठेचाळीस व्हायला हवेत. पूर्णांक करताना काहीतरी वाढत असणार. बघते.

मंगळवार, २ एप्रिल

साहेबांना दाखवलं. इतके खूश की खुर्चीवरून उठले. मी प्रामाणिकपणे सांगितलं, "साहेब, एकूण बेरीज जरा जास्त येतेय."

"मग एकूण दाखवूच नकोस. लोक नसते प्रश्न काढतात. वाटे दाखव. गोल चित्र काढ, रंग दे."

गोल चित्र काढलं. पत्र विभागाला लाल दिला. तो मी मुद्दाम दिलेला नाही, मोठ्या वाट्याला प्रोग्रॅम आपोआप लाल देतो.

वहिनींना आधी सांगावं का, हा विचार दोनदा आला. पण कार्यालयाची गोष्ट घरात आणायची नाही हा नियम त्यांचाच.

शुक्रवार, ५ एप्रिल

बैठक झाली. संचालक मॅडम, साहेब, सगळे विभागप्रमुख. माझं गोल चित्र भिंतीवर दीड माणूस उंच. साहेब बोलत होते, मी बाजूला उभी. लाल वाट्यावर त्यांनी काठी ठेवली तशा सगळ्यांच्या माना वहिनींकडे वळल्या.

वहिनींनी एकच विचारलं. "हे मोजलं कुणी?"

"तुमच्याच घरातल्यांनी," साहेब हसून म्हणाले. बाकीचेही हसले. वहिनींनी माझ्याकडे बघितलं, वही मिटली, पेनाचं टोपण लावलं.

ठरलं ते असं. एक जूनपासून पत्र विभाग बंद. पत्रं बाहेरची कंपनी तिच्या यंत्रावर छापेल. विभागातली सात माणसं इतरत्र पाठवायची. वहिनींना शाखा कार्यालयात, इथून जायला दीड तास, यायला दीड तास, वेळ दहा ते सहा.

येताना एकाच बसमध्ये होतो. त्या पुढे बसल्या.

रविवार, ७ एप्रिल

नवरा म्हणतो, "तू तिला आधी सांगायला हवं होतंस."

मी म्हटलं, "आकडे मी तयार केले नाहीत. फक्त मोजले."

"आणि आईचं काय? वहिनी सकाळी साडेआठला जाऊन रात्री साडेसातला येणार. आईजवळ कोण?"

सकाळी वहिनी घरात नसतात तेव्हा एक मदतनीस बाई येते, ती अडीचपर्यंतच. त्यानंतरचं कुणी धरलंच नव्हतं. मी तर नव्हतंच. "बघू काहीतरी," म्हणाला. या घरात 'बघू' म्हणजे वहिनी बघतील. आता त्या कशा बघणार?

माझ्यावर सगळे असे फुगून बसलेत जणू प्रोसेसर मीच खाल्लाय.

रविवार, १४ एप्रिल

आज खाली गेले. नऊ दिवस वहिनी माझ्याशी कामापुरतंही बोललेल्या नाहीत. स्वयंपाकघरात मटार सोलत बसल्या होत्या. मीही समोर बसून सोलायला लागले.

मग त्या म्हणाल्या, "तुझ्या त्या अहवालात मागच्या पानावर एकेक काम दिलंय. मी वाचलं."

"हं."

"मंगळवारचं आमचं मोठं काम. सकाळी सहाला लागतं, नऊला संपतं. बावीस वर्षं मी समोर उभी असते, नऊ म्हणजे नऊ. तुझ्या कागदावर त्याला प्रोसेसरचे साडेसात तास लागलेत."

"प्रोसेसर दोन आहेत, वहिनी."

"ते काकांना विचारलं मी. म्हणाले, आमचं काम जुन्या पद्धतीचं आहे, ते एका वेळी एकच वापरतं." त्यांनी एक शेंग उघडली, किडकी निघाली, बाजूला टाकली. "तीन तासांच्या पाळीत माणूस साडेसात तास राबू शकतो का गं? मग यंत्र कसं राबलं?"

मी म्हटलं की हे तांत्रिक असतं, त्यात बऱ्याच गोष्टी असतात. त्या म्हणाल्या, "असतील."

वर आले. तांत्रिक काय डोंबल असतं त्यात. तीन तासांत तीन तासच मावतात.

सोमवार, १५ एप्रिल

सकाळी साडेसातलाच कार्यालय गाठलं. मंगळवारचं ते एक काम टेबलातून बाहेर काढलं, त्याच्या सगळ्या ओळी समोर ठेवल्या आणि पहिल्यांदाच, हो, पहिल्यांदाच, एकेक ओळ डोळ्यांनी वाचली.

काम चालू असताना यंत्र दर पंधरा मिनिटांनी एक नोंद लिहितं, एवढा वेळ खाल्ला म्हणून. कामाचा एक टप्पा संपला की त्या टप्प्याच्या एकूण वेळाची वेगळी नोंद. आणि सगळं काम संपलं की अख्ख्या कामाच्या एकूण वेळाची आणखी एक नोंद. वेळ तोच, नोंदी तीन तऱ्हेच्या. मी सगळ्यांची बेरीज मारली. तीन तासांच्या कामात प्रोसेसर खरा चालला अडीच तास, त्याचे साडेसात झाले.

हेच ते पोटप्रकार. पान दोनशे बारा.

सगळ्यांचं तिप्पट झालं असतं तरी वाटे बरोबर राहिले असते. पण छोटी कामं पंधरा मिनिटांच्या आतच उरकतात, ती दोनदाच मोजली गेली. खिडक्यांचा प्रोग्रॅम तर कधी संपतच नाही, तो चालूच असतो, त्याची बेरीज एकदाच. पत्र विभागाची कामं लांब, म्हणून नेमकी तीच तीनदा.

बरोबर मोजलं. पत्र विभाग बावीस टक्के. खिडक्या साठ. एकूण दिवसाला साडेसदतीस तास.

तळघरात काकांकडे गेले. त्यांनी माझा कागद बघितला, मग भिंतीवरचा त्यांचा स्वतःचा तक्ता बघितला. यंत्र रोज किती टक्के गुंतलेलं असतं ते तिथे लिहितात. अठ्ठ्याहत्तर. अठ्ठेचाळीसचे अठ्ठ्याहत्तर टक्के म्हणजे साडेसदतीस.

"आता बरोबर आहे," म्हणाले.

"काका, तुम्हाला आधीच माहीत होतं?"

"तुझं गोल चित्र मला कुणी दाखवलं होतं? परवा तुझी जाऊ येऊन विचारून गेली तेव्हा शंका आली."

तक्ता महिनोन् महिने भिंतीवर होता. मी त्याच्यासमोर उभी राहून त्यांच्यावर वैतागत होते.

मंगळवार, १६ एप्रिल

साहेबांना सांगितलं. त्यांनी आधी दार लावलं.

"आदेश निघालाय. बाहेरच्या कंपनीशी बोलणी झाली. आता आकडे फिरवले तर लोक म्हणतील, यांना मोजताच येत नाही."

"येत नव्हतंच, साहेब."

"तुमचा घरचा मामला यात आणू नका."

म्हणजे चुकीचं मोजून जावेला बुडवलं तेव्हा मी निःपक्षपाती, आणि बरोबर मोजलं की घरचा मामला. बाहेर येऊन जिन्यात पाच मिनिटं उभी राहिले. रागाने की भीतीने, ते अजून ठरत नाहीये.

बुधवार, १७ एप्रिल

संचालक मॅडमना पत्र लिहायला बसले. चार मसुदे फाडले. नवऱ्याने वाचून सुचवलं, "'काही तांत्रिक विसंगती आढळल्या' असं लिही ना. नोकरीचा प्रश्न आहे." छान वाक्य आहे. वाचणाऱ्याला कळतच नाही की कुणी काही केलंय. पाचव्यांदा लिहिलं, "मी तेच काम तीनदा मोजलं. चूक माझी आहे. बैठकीतला निर्णय त्या चुकीवर झाला." काकांच्या तक्त्याची प्रत जोडली. साहेबांना आणि सातही जणांना पाठवलं.

सोमवार, २२ एप्रिल

मॅडमनी बोलावलं. साहेबही होते, माझ्याकडे न बघता.

मॅडमनी विचारलं, "तेव्हाही तुम्ही खात्रीने उभ्या होतात. आज तुमच्यावर का विश्वास ठेवू?"

हाच प्रश्न मी चार दिवस आरशासमोर घोटला होता आणि ऐनवेळी सगळं विसरले. म्हटलं, "माझ्यावर ठेवू नका. आधीच्या कागदावर यंत्राचा दिवस एकसष्ट तासांचा होता, त्याला मिळतात अठ्ठेचाळीस. ते मला दिसलं होतं आणि मी पुढे गेले. आजचा आकडा काकांच्या तक्त्याशी जुळतो, आणि तो तक्ता मी लिहिलेला नाही."

"दिसलं होतं?"

"हो."

"मग का गेलात पुढे?"

याचं उत्तर मला माहीत होतं. केबिनमध्ये ते देणं शक्य नव्हतं. म्हटलं, "घाई झाली." या वहीतही आज एवढंच लिहिते.

शुक्रवार, ३ मे

आदेश मागे घेतला. पत्र विभाग राहणार. खिडक्यांचा प्रोग्रॅम तपासायला वेगळी समिती, तिच्यात मी नाही. माझ्या सेवापुस्तकात एक शेरा आलाय, "निष्काळजीपणा". साहेबांच्या सेवापुस्तकात काय आलं ते कुणी सांगत नाही.

पण सातातली दोन माणसं गेलीच. पाकिटं भरणाऱ्या यंत्रावरच्या ऑपरेटरने दुसरीकडे नोकरी धरली. पत्रं तपासणाऱ्या बाईंनी घाबरून मुदतीआधी निवृत्ती घेतली, सही झाली, आता फिरवता येत नाही म्हणतात. मी त्यांना फोन केला. त्या म्हणाल्या, "जाऊ दे हो, तुम्ही कबूल तरी केलंत." याच्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं.

संध्याकाळी वहिनी जिना चढून वर आल्या. त्या कधी वर येत नाहीत. बसल्या नाहीत, उभ्यानेच म्हणाल्या, "दोन माणसं कमी झालीत. मंगळवारी आणि गुरुवारी मला पाचपर्यंत थांबावं लागेल. त्या दोन दिवशी दुपारी आईंजवळ तू."

"हो," म्हटलं. या वेळी 'हो' वेळेवर निघालं.

मंगळवार, १४ मे

मी आता मंगळवार-गुरुवार सकाळी सातला कामावर जाते आणि अडीचला घरी येते. आजचा तिसरा दिवस. सासूबाईंची कूस बदलायची म्हणजे काय दिव्य आहे, ते लांबून कळत नाही. मी खांद्याला धरून वळवायला गेले तर ओरडल्या, "अगं, पाय आधी! पाय आधी वळवायचे. तिला बरं येतं."

"मला नाही येत. शिकतेय ना."

"दोन वर्षांनी?"

मीही वैतागले. म्हटलं, "मला कधी हात लावू दिलाय का वहिनींनी? सगळं स्वतःच करायचं, म्हणजे मी नालायक दिसते."

सासूबाईंनी खांद्यावरचा माझा हात बाजूला केला. मग म्हणाल्या, "मी पडले त्या आठवड्यात तीच म्हणाली मला. धाकटीला हाक मारायची नाही. तिचं डोक्याचं काम आहे, घरी येते तेव्हा पार पिळून निघालेली असते. मी हाक मारायला जायचे, तर तोंडावर बोट ठेवायची."

मी पाय आधी वळवले. मग खांदा. उशी चुकली, तीही त्यांनी सांगितली.

साडेपाचला वहिनी आल्या. पर्स खुंटीला लावली, सासूबाईंकडे बघितलं, चादर बघितली. दाराजवळच्या खुर्चीत बसल्या आणि डोळे मिटले. या वेळेला त्यांना बसलेलं मी कधी बघितलेलं नाही.

त्यांनी डोळे न उघडताच विचारलं, "चहा ठेवतेस का गं?"

ठेवला. नऊ वर्षं एका घरात राहतोय. साखर किती घेतात, ते विचारावं लागलं.